सिनेमातली लस, व्हॉट्सअ‍ॅपवरची धास्ती

ऑगस्ट २०२१ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये एक बातमी आली होती. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या एका चष्म्याच्या कंपनीत सगळ्यांनी कोरोनाची लस घ्यावी म्हणून मालकांची खटपट चालली होती, आणि काहीजण काही केल्या ऐकत नव्हते. त्यातल्या एका कर्मचारी बाईंचं कारण जगभर गाजलं. त्यांच्या समजुतीप्रमाणे ‘आय अ‍ॅम लिजंड’ या सिनेमात माणसांचे झॉम्बी झाले ते लशीमुळे. बातमी फिरत फिरत त्या सिनेमाच्या पटकथाकारापर्यंत, अकिवा गोल्ड्समनपर्यंत पोचली. त्यांनी ट्विटरवर डोक्याला हात लावून लिहिलं की अरे देवा, तो सिनेमा आहे, ते सगळं मी मनाने रचलेलं आहे.

लोक हसले. पण गोल्ड्समन यांचं उत्तर मला नेमकं नेम चुकलेलं वाटतं. सिनेमा खरा असतो, असं त्या बाई म्हणतच नव्हत्या. पडद्यावर घडलेलं सगळं खरं मानणारी माणसं फार थोडी. बाकीच्यांच्या डोक्यात असतं ते एवढंच, की असं होऊ शकतं. आणि ‘असं होऊ शकतं’ या वाक्याला ‘तो सिनेमा आहे’ हे उत्तर लागू पडत नाही.

आधी त्या सिनेमात काय आहे ते पाहू. २००७ सालचा सिनेमा, विल स्मिथचा. सुरुवातीला टीव्हीवर मुलाखत चालू आहे. एक शास्त्रज्ञ बाई शांतपणे सांगतायत की आम्ही गोवराच्या विषाणूत जनुकीय बदल केले, तो १०,००९ कॅन्सर रुग्णांना दिला आणि १०,००९ बरे झाले. पुढच्याच दृश्यात न्यूयॉर्क ओस पडलेलं. म्हणजे गडबड झाली ती कॅन्सरवरच्या उपचारासाठी बदललेल्या विषाणूमुळे. लशीचा त्यात संबंध नाही. उलट नायक तळघरातल्या प्रयोगशाळेत रात्रंदिवस औषधच शोधत असतो, आणि थिएटरात दाखवलेल्या शेवटात त्या औषधाने उरलेली माणसं वाचतात. वैद्यकशास्त्राची बाजू घेणारा इतका सरळ सिनेमा शोधून सापडायचा नाही. २०२१ च्या आसपास फिरलेल्या मीममध्ये तर ‘या सिनेमाची गोष्ट २०२१ मध्येच घडते’ असंही ठोकून दिलं होतं. सिनेमातलं साल २०१२ आहे.

जाता जाता, गोवराचा विषाणू कॅन्सरवर वापरायची कल्पना हवेतली नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१४ मध्ये जाहीर केलं की रक्ताच्या एका कॅन्सरवर त्यांनी गोवराच्या लशीतला, मुद्दाम सौम्य केलेला विषाणू प्रचंड मात्रेत देऊन पाहिला आणि एका रुग्ण स्त्रीचा कॅन्सर ओसरला. कुणाचा राक्षस झाला नाही.

मग ‘बदललेला विषाणू’ लोकांच्या आठवणीत ‘लस’ कसा झाला?

आपली स्मृती गोष्ट एका ठिकाणी ठेवते आणि ती कुठून आली हे दुसरीकडे. काळ गेला की डब्यावरची चिठ्ठी गळून पडते आणि आतलं पीठ तेवढं राहतं. ओस पडलेलं शहर, अंधारात धापा टाकणारी माणसं, पांढरा कोट, सुई हे सगळं लख्ख आठवतं. हे पेपरात वाचलं, शेजाऱ्याने सांगितलं की रविवारी दुपारी टीव्हीवर डब केलेल्या सिनेमात पाहिलं, ते मात्र पुसट होतं. मानसशास्त्रज्ञ याला उगमाची गल्लत म्हणतात. त्यात गोवर म्हटलं की आपल्याला आधी आठवते ती बाळाची लस. तेव्हा आठवणीतली रिकामी जागा कशाने भरली गेली असेल, हे सांगायला नको.

यावर एक सुरेख प्रयोग झालेला आहे. अँड्र्यू बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तो प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना इतिहासाचा अचूक मजकूर वाचायला दिला आणि त्याच घटनेवरच्या व्यावसायिक सिनेमातले तुकडे दाखवले. काही तुकड्यांत मजकुराशी उघड विसंगत अशा चुका होत्या. नंतर परीक्षा घेतली. जिथे सिनेमा मजकुराच्या विरोधात जात होता, तिथे जवळपास निम्म्या वेळा मुलांनी सिनेमातली चूक लिहिली, आणि वर ‘हे आम्ही मजकुरात वाचलं’ असंही सांगितलं. ‘सिनेमात चुका असू शकतात’ अशी मोघम सूचना आधी देऊन फारसा फरक पडला नाही. अमुक दृश्यात अमुक गोष्ट चुकीची आहे, असं बोट ठेवून सांगितलं तेव्हा मात्र चुका खूप कमी झाल्या. हा शेवटचा भाग लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता चिपकडे वळू. लशीतून शरीरात चिप सोडतात, ही गेल्या काही वर्षांतली सगळ्यात लोकप्रिय वैद्यकीय अफवा. मे २०२० मध्ये अमेरिकेत यूगव्हने घेतलेल्या पाहणीत २८ टक्के लोकांना वाटत होतं की बिल गेट्सना लशीतून माणसांच्या अंगात चिप बसवायची आहे. तेव्हा लस बाजारात यायलाही अजून सात महिने होते.

या अफवेचं मूळ दोन खऱ्या गोष्टींत आहे. मार्च २०२० मध्ये गेट्स एका ऑनलाइन प्रश्नोत्तरांत म्हणाले होते की कोण बरं झालं, कुणी लस घेतली याची पुढे डिजिटल प्रमाणपत्रं असतील. आणि डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेच्या संशोधकांनी, गेट्स फाउंडेशनच्या पैशातून, एक विशेष रंगद्रव्य तयार केलं होतं. ते लशीबरोबर त्वचेखाली राहतं आणि खास कॅमेऱ्यानेच दिसतं. ज्या गावात कागदी कार्डं हरवतात तिथे मुलाचं लसीकरण झालंय का हे कळावं, एवढाच हेतू. त्यात ना चिप, ना लहरी, ना ठावठिकाणा.

मग चिप आली कुठून? ती सत्तर वर्षांपासून पडद्यावर होतीच. १९५३ च्या ‘इन्व्हेडर्स फ्रॉम मार्स’मध्ये मंगळवासी माणसांच्या मानेत यंत्र बसवून त्यांना गुलाम करतात. १९९० च्या ‘टोटल रिकॉल’मध्ये नायक नाकातून ठावठिकाणा सांगणारा गोळा ओढून काढतो (तो प्रसंग पाहताना आपलंच नाक दुखतं). नव्वदच्या दशकातल्या ‘द एक्स-फाइल्स’ या मालिकेत तर नायिकेच्या मानेत चिप सापडते, आणि देवीच्या लसीकरणाच्या निमित्ताने सरकारने माणसांवर छुप्या खुणा करून ठेवल्याचा धागाही येतो. २०२० मध्ये गेट्स ‘प्रमाणपत्र’ म्हणाले, तेव्हा पुढचं चित्र लोकांना नव्याने काढावं लागलं नाही.

सिनेमावाल्यांना चिप एवढी का आवडते, याचंही कारण साधं आहे. खलनायकाने नायकाला कुठेही गाठायला हवं, आणि ते कसं गाठलं हे प्रेक्षकाला दिसायला हवं. लाल दिवा लुकलुकणारी वस्तू पडद्यावर दाखवता येते. मोबाइल कंपनीचा सर्व्हर, परवानगीचं न वाचलेलं पान, जाहिरातदारांना विकलेला डेटा यांतून थरार निघत नाही. खरी पाळत मात्र त्याच कंटाळवाण्या मार्गाने होते, आणि तिचं यंत्र आपण रोज रात्री स्वतःच्या हाताने चार्जिंगला लावतो.

खरी चिप कशी असते तेही बघा. पाळीव कुत्र्या-मांजरांना बसवतात ती साधारण १२ मिलिमीटर लांब आणि २ मिलिमीटर जाड असते, तांदळाच्या मोठ्या दाण्याएवढी. काचेच्या कुपीत तारेचं वेटोळं आणि एक क्रमांक, बस. बॅटरी नसते. वाचक यंत्र अगदी अंगाजवळ धरलं तरच तो क्रमांक मिळतो. कुत्रा हरवला तर ती चिप तो कुठे आहे हे सांगत नाही. कुणाला तरी तो आधी सापडावा लागतो. ती टोचायला लागणारी सुई चांगली जाडजूड, दंडात लस देतात ती मिलिमीटरभरही जाड नसते.

आणि मला सगळ्यात पटणारा मुद्दा तंत्रज्ञानाचा नाहीच, लसीकरण केंद्रातल्या टेबलावरचा आहे. कोविशिल्डची बाटली ५ मिलिलीटरची, दहा जणांची. दहा माणसं जमेपर्यंत सिस्टर बाटली फोडत नव्हत्या, कारण एकदा उघडली की चार तासांत संपवायची. ‘अजून तीन जण येऊ द्या’ हे वाक्य त्या वर्षी अनेकांनी ऐकलं असेल. आता एकाच बाटलीत दहा चिपा तरंगतायत असं धरून चला. प्रत्येक वेळी अर्धा मिलिलीटर ओढताना सिरिंजमध्ये बरोबर एकच चिप कशी यावी? एकाला दोन आणि पुढच्याला एकही नाही, असं का होऊ नये? आणि कुठली चिप कुणाच्या दंडात गेली हे लिहून कोण ठेवतंय? सिस्टरच्या वहीत तसा रकाना नव्हता.

जून २०२१ मध्ये हीच धास्ती नाशिकमध्ये वेगळ्या रूपात आली. दुसरा डोस घेतलेल्या एका ज्येष्ठ नागरिकाच्या अंगाला नाणी, चमचे, वाट्या चिकटू लागल्याचे व्हिडिओ सगळ्या वाहिन्यांवर झळकले. सुई टोचली आणि अंगात शक्ती आली, ही कल्पना सुपरहिरोंच्या सिनेमांनी आपल्याला इतकी सवयीची करून ठेवली आहे की बातमीदारांनाही ती क्षणभर बातमीच वाटली. पीआयबी या केंद्र सरकारच्या माहिती संस्थेच्या फॅक्ट चेक विभागाने दावा खोडला, अंनिसच्या कार्यकर्त्यांनीही शास्त्रीय कारण समजावून सांगितलं. घामट, किंचित तेलकट त्वचा आणि नितळ चपटी वस्तू यांचा हा खेळ आहे. अंगाला टाल्कम पावडर लावली की तो संपतो. चुंबकाला पावडरीने काही फरक पडला नसता. शिवाय आपल्या स्वयंपाकघरातले बरेचसे स्टीलचे चमचे चुंबकाला चिकटतच नाहीत, फ्रिजवरचं चुंबक लावून बघा.

इथपर्यंत वाचून ‘सगळं सिनेमाने केलं’ असं वाटत असेल, तर थांबा. संशय सिनेमाहून बराच जुना आहे.

१८०२ साली लंडनमध्ये जेम्स गिलरे यांचं एक व्यंगचित्र निघालं. देवीची नवी लस, म्हणजे गायीच्या फोडांतला द्रव, टोचून घेतलेल्या लोकांच्या दंडातून, नाकातून, तोंडातून छोट्या छोट्या गायी बाहेर पडतायत असं ते चित्र. आजच्या झॉम्बी सिनेमाचं पोस्टर म्हणून खपेल. त्याच वर्षी १४ जूनला मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला भारतातली पहिली देवीची लस टोचली गेली.

पुढे १८९६. मुंबईत प्लेग आला. लोकांना ओढून इस्पितळात नेऊ लागले तेव्हा ‘मोमियाई’ची अफवा उठली. इस्पितळात माणसाला उलटं टांगतात, खाली जाळ करतात आणि डोक्यातून ठिबकणारं तेल गोळा करून औषधाला वापरतात, अशी. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड इस्पितळावर हल्ला केला. आजचं कस्तुरबा रुग्णालय ते हेच. वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची चित्रं पहिल्यांदा हलली ती त्याच साली, ७ जुलैला. म्हणजे सिनेमा मुंबईत येऊन चार महिनेही झाले नव्हते, आणि तो काही त्या गिरणी कामगारांनी पाहिला नव्हता.

तेव्हा भीती आधीची. परक्याच्या हातात आपलं शरीर देताना ती वाटते, आणि हात सरकारचा असेल तर जास्तच. सिनेमा तिला चेहरा, यंत्र आणि शेवट पुरवतो. १९७८ चा ‘कोमा’ घ्या. दिग्दर्शक मायकेल क्रायटन स्वतः हार्वर्डमध्ये वैद्यकी शिकलेले. त्यात साध्या शस्त्रक्रियेला आलेल्या रुग्णांना मुद्दाम विषारी वायू देऊन बेशुद्धीत ढकलतात आणि त्यांचे अवयव विकतात. तारांना लटकलेल्या देहांची ती खोली एकदा पाहिली की विसरत नाही. उलटं टांगून तेल काढण्याच्या गोष्टीपासून ती फार लांब नाही, फक्त खोली वातानुकूलित आहे.

कंपनीने आधी रोग सोडायचा आणि मग औषध विकायचं, हे कथानकही असंच घासून गुळगुळीत झालेलं. २००० च्या ‘मिशन इम्पॉसिबल २’मध्ये आहे, आपल्या ‘क्रिश ३’मध्ये तर काल नावाचा खलनायक औषध कंपनीच चालवतो. पटकथेची गरजच तशी आहे. साथीच्या रोगाला मारामारीत हरवता येत नाही, म्हणून रोगामागे माणूस लागतो. वटवाघळाला शेवटच्या दृश्यात तोंडावर ठोसा मारणं शोभत नाही.

एक सिनेमा या मोहातून सुटला, त्याची गत काय झाली तेही सांगण्यासारखं आहे. २०११ चा ‘काँटेजियन’. कोलंबिया विद्यापीठातले विषाणूतज्ज्ञ इयन लिपकिन त्याचे सल्लागार होते. शेवटच्या दृश्यात साथ कशी सुरू झाली ते पायरीपायरीने दाखवलंय: झाडं तोडली, वटवाघूळ उठलं, त्याच्या तोंडातला केळ्याचा तुकडा डुकराने खाल्ला, डुक्कर स्वयंपाकघरात गेलं. कुणाचाही कट नाही. उलट सिनेमातला खलनायक म्हणावा असा माणूस आहे तो लशीविरुद्ध बोंब ठोकून झाडपाल्याचं औषध खपवणारा ब्लॉगर. २०२० मध्ये हाच सिनेमा ‘बघा, नऊ वर्षं आधी त्यांनी सांगून ठेवलं होतं’ म्हणून फिरला. अभिनेता सूर्याचा तमिळ सिनेमा ‘एळाम अरिवु’ही असाच, चीनमधून येणारा विषाणू आहे म्हणून.

‘आधीच सांगून ठेवलं होतं’ ही या दुनियेतली आवडती युक्ती. साथीवरचे सिनेमे आणि मालिका ढिगाने आहेत. त्यातल्या एखाद्यात चीन असणार, एखाद्यात वटवाघूळ, एखाद्यात मास्क. जुळतं ते उचलायचं, न जुळणारं खाली टाकायचं. जानेवारी २०२० मध्ये असा एक नमुना फिरला होता. वुहानमधल्या प्रयोगशाळेचं बोधचिन्ह ‘रेझिडेंट इव्हिल’ या व्हिडिओ गेममधल्या आणि त्यावरच्या सिनेमांतल्या दुष्ट कंपनीच्या छत्रीसारखंच आहे, आणि ‘कोरोना’ची इंग्रजी अक्षरं उलटसुलट केली की त्या गोष्टीतल्या रॅकून शहराचं नाव बनतं, असं त्यात होतं. बोधचिन्ह निघालं शांघायच्या एका खासगी कंपनीचं, वुहानपासून शेकडो किलोमीटरवर. आणि ‘रॅकून सिटी’तल्या रॅकूनच्या स्पेलिंगमध्ये ‘सी’ दोनदा येतो, कोरोनात एकदाच.

पण मग खरी कारस्थानं नसतातच का? असतात, आणि हे नाकारलं की समोरचा आपलं पुढचं काहीच ऐकत नाही. २०११ मध्ये सीआयएने ओसामा बिन लादेनच्या घरातल्यांचा डीएनए मिळवण्यासाठी अबोटाबादमध्ये खरोखर लसीकरणाचा बनाव रचला होता. तीन वर्षांनी व्हाइट हाउसला लेखी कबूल करावं लागलं की यापुढे लसीकरण मोहिमा हेरगिरीसाठी वापरणार नाही. मधल्या काळात पाकिस्तानात पोलिओचे डोस देणाऱ्या कार्यकर्त्यांचे जीव गेले. अमेरिकेत टस्कीगीला १९३२ पासून ४० वर्षं शेकडो गरीब कृष्णवर्णीयांचा सिफिलिस उपचार न करता नुसता पाहत राहिले.

या खऱ्या प्रकरणांचं पडद्याशी काहीच जुळत नाही. त्यात चकचकीत प्रयोगशाळा नाहीत, लाल दिवे नाहीत. टस्कीगीत तर रोग कुणी टोचलाच नव्हता, जे औषध द्यायला हवं होतं ते दिलं नाही. पेनिसिलिन हाताशी असून दिलं नाही. आणि ते बाहेर आलं ते आरोग्य खात्यातल्याच पीटर बक्स्टन या माजी कर्मचाऱ्याने १९७२ मध्ये पत्रकारांना सांगितल्यामुळे. सिनेमातलं कारस्थान कोट्यवधी लोकांवर चालतं आणि एका नायकाशिवाय कुणाला पत्ता लागत नाही. खरं कारस्थान एका गावात, एका जिल्ह्यात चालतं, आणि एखादा कारकून, एखादी नर्स, एखादा तपासनीस ते फोडतो.

आता ते मघाचं, बोट ठेवून सांगण्याचं. २०२० च्या सप्टेंबरात अ‍ॅमेझॉनने ‘युटोपिया’ ही मालिका आणली, २०१३ च्या ब्रिटिश मालिकेची नवी आवृत्ती. साथीच्या आडून लोकांना वंध्य करणारी लस, हे तिचं कथानक आणि मुहूर्त ऐन कोरोनाचा. सुरुवातीला ‘ही काल्पनिक कथा आहे’ अशी पाटी लावली होती. बटलर यांच्या विद्यार्थ्यांना दिलेल्या मोघम सूचनेचीच ही जातकुळी, तेव्हा तिच्याकडून किती अपेक्षा करायची ते तुम्हीच ठरवा.

फॅमिली ग्रुपवर काका असलं काही टाकतात तेव्हा ‘काहीही काय पाठवता’ हे उत्तरही त्याच पाटीसारखं. त्यापेक्षा त्यांनी टाकलेल्या त्याच गोष्टीतला एक तुकडा धरावा. चिप म्हणाले तर दहा जणांची बाटली. चुंबक म्हणाले तर पावडरचा डबा. आणि ‘अवयवदानाचं कार्ड भरलं की डॉक्टर लवकर मारतात’ असं आलं, तर कायदा सांगावा. १९९४ च्या कायद्याप्रमाणे मेंदू मृत झाल्याचं चार डॉक्टरांनी मिळून ठरवायचं असतं, तपासण्या किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा करायच्या असतात, आणि प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत चालत नाही. नातेवाइकांनी हो म्हटल्याशिवाय पुढे काही होत नाही. मिळालेला अवयव कुणाला जाणार, तेही त्या डॉक्टरच्या हातात नसतं. आपल्याकडे मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला प्रत्यारोपण समन्वय केंद्रं आहेत, प्रतीक्षायादी त्यांच्याकडे असते, आणि अवयव त्या यादीप्रमाणे जातो.